तुरीची धूळ आणि लॅपटॉपची बटणं
दुधनी म्हणजे तुरीची बाजारपेठ. हंगामात आडतीवर भुसा उडतो आणि हिशेबपट्टीच्या लॅपटॉपची बटणं अडकू लागतात. लगेच कीबोर्ड बदलू नका. आधी बाहेरचा यूएसबी कीबोर्ड जोडा. तो नीट चालला, तर दोष बहुधा लॅपटॉपच्या बटणांत. तोही अडला, तर सेटिंग तपासा. विंडोजमध्ये उजवी शिफ्ट 8 सेकंद दाबली गेली, की ‘फिल्टर कीज’ सुरू होऊ शकते. मग हलकी टिचकी उमटतच नाही. चांगलं बटण त्यापायी बदललं जातं, याची हळहळ वाटते. धूळ असेल तर लॅपटॉप बंद करा, तिरका धरा, मऊ ब्रशने झाडा. चहा सांडला तर मात्र चार्जर काढून तत्काळ बंद करा. वाळेपर्यंत चालू करून पाहू नका.