चाळिशीतला शीण



दिवसभराची कामं आटोपून आपण आता निवांत बसला असाल, असं म्हणण्याची रीत आहे. पण मला ठाऊक आहे, तुमच्यापैकी बरेच जण बसलेले नाहीत. कोणी गोठ्यात धार काढता काढता ऐकत असेल, कोणी चुलीपुढे भाकरी थापत असेल, आणि माझे शिक्षकबंधू उद्या पाठवायची माहिती भरत असतील. हातातलं काम चालू द्या. मी फक्त एक प्रश्न विचारतो. त्याचं उत्तर मनातल्या मनात द्या, शेजारच्याला सांगू नका.

सकाळी अंगावरचं पांघरूण बाजूला करताना आपल्याला कसं वाटतं? ताजंतवानं वाटतं? की रात्रभर झोपूनही कालचाच शीण अंगात तसाच असतो, आणि पहिला विचार येतो तो "आलं पुन्हा तेच" असा?

ज्यांना दुसरं उत्तर द्यावं लागलं, त्यांच्याशी मला आज बोलायचं आहे.

कष्टाचा थकवा आपल्याला नवा नाही. दिवसभर ज्वारी काढली, अंग ठणकलं, ऊन पाण्याची आंघोळ केली, पडल्या पडल्या झोप लागली; सकाळी माणूस पुन्हा उभा. मी म्हणतो तो शीण असा उतरत नाही. तो हळूहळू साचतो. लहानसहान कारणावरून माणूस खेकसतो. एके काळी ज्या कामाची हौस होती, त्याच कामाचा वीट येतो. आणि "आपल्या हातून आता काही धड होत नाही" असं मन सारखं सांगू लागतं.

याचा अभ्यास जाणत्या माणसांनी केलेला आहे. न्यूयॉर्क शहरात हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. एका मोफत दवाखान्यात ते काम करीत. तिथं सर्वांत मन लावून झटणारी माणसंच काही काळानं आतून कोरडी पडतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. १९७४ साली त्यांनी यावर लेख लिहिला आणि या अवस्थेला 'बर्नआउट' म्हटलं. तेल संपल्यावर वात जळते ना, तसं. पुढं २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या रोगांच्या वर्गीकरणात या शब्दाची सविस्तर व्याख्या दिली, पण रोग म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ तसाच राहिला म्हणजे येणारी अवस्था, असं त्याचं वर्णन केलं आणि तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपल्यासारखी वाटणं, कामापासून मन तुटणं, आणि हातून काम नीट न होणं. ही व्याख्या नोकरीधंद्यापुरती आहे. पण शेतात राबणाऱ्याला आणि घर सांभाळणाऱ्या बाईला या खुणा ओळखीच्या वाटणार नाहीत, असं मला तरी वाटत नाही.

चाळिशीपन्नाशीतच हे जास्त का जाणवावं? हिशेब सोपा आहे. आईवडील थकलेले असतात, त्यांचं दवाखान्याचं बघायचं. मुलं शिकत असतात, त्यांच्या फीचं बघायचं. सोसायटीचं कर्ज याच वयात, घराचं बांधकाम याच वयात, भावकीतली लग्नकार्यं याच वयात. आणि शरीर मात्र पंचविशीतलं राहिलेलं नसतं. वर आणखी असं, की घरातला कर्ता माणूस "मी दमलो" असं म्हणू शकत नाही. म्हणाला तर बाकीच्यांनी कोणाकडं बघायचं?

आता माझी गोष्ट सांगतो. मी प्राथमिक शिक्षक. २०१६ साली मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. आमची शाळा दोन शिक्षकी. चार वर्ग, दोघं जण, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, आणि मोबाईलवर रात्री दहा वाजता येणारा "तात्काळ पाठवा" असा निरोप. शिवाय मी गावच्या यात्रा कमिटीचा चिटणीस आणि भावकीतल्या प्रत्येक लग्नाचा मांडवप्रमुख!

त्या पावसाळ्यात तिसरीतली एक मुलगी करवंटीत चिंचोका पेरून, त्याला कोंब फुटला म्हणून मला दाखवायला घेऊन आली. मी माहिती भरत होतो. मान वर न करता म्हणालो, "ठेव तिथं." तिनं ती खिडकीत ठेवली. तीन दिवसांनी माझं लक्ष गेलं, तेव्हा कोंब वाळून गेला होता. मुलगी काही बोलली नाही. पण पुन्हा काही दाखवायलाही आली नाही. श्रोतेहो, मी शिक्षक झालो होतो तो असल्या करवंट्या बघण्यासाठीच. त्या दिवशी घरी आलो आणि कोणाशी न बोलता पडून राहिलो.

थोड्याच दिवसांत पोळा आला. आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांची खांदेमळणी असते. वडील बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळत होते. मी नुसताच बघत उभा होतो. ते म्हणाले, "बैल बोलत नाही बाबा. तो एक दिवस उठायचाच थांबतो. म्हणून त्याच्या आधी खांदा बघावा लागतो." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुझं काय चाललंय? महिनाभर बघतोय मी."

मी उत्साहानं कामाला लागलो, आणि पहिली चूक केली. पहाटे चारला उठायचं, दोन कोस चालायचं, आसनं करायची, रोजनिशी लिहायची, चहा सोडायचा, असे पाच संकल्प एका दिवशी सोडले. आठ दिवस रेटलं. नवव्या दिवशी सगळंच सुटलं, आणि आधीच्या शिणात "आपल्याला एवढंही जमत नाही" या लाजेची भर पडली. दमलेल्या बैलाला आणखी एक औत जोडावं, तसलाच तो प्रकार.

तेव्हा वडिलांनीच सांगितलं, की आधी तपासून घे. मी आणि सौभाग्यवती प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. माझा रक्तदाब थोडा चढलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, "बाईंचंही रक्त तपासू." तिचं हिमोग्लोबिन निघालं साडेआठ! बाईमाणसाचं ते बारा तरी असावं लागतं. मी चकित झालो. ती रोज माझ्या आधी उठत होती आणि माझ्या नंतर झोपत होती. घरात एकटा मीच थकलोय, अशा समजुतीत मी होतो. मी तिला म्हणालो, "अगं, बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "अहो, तुम्ही विचारलं का?"

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की थकवा सारखा राहत असेल तर आधी रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. डॉक्टरांनी सांगितलं तर थायरॉइडही. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या सत्तावन्न स्त्रियांना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त! त्यांच्या थकव्याला आपण "वयच झालं" म्हणून मोकळे होतो. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, तर त्या चहाबरोबर घेऊ नका. चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबाच्या पाण्याबरोबर घेतलेल्या बऱ्या. आणि बरं वाटलं म्हणून मध्येच थांबवू नका.

दुसरं, ओझं मोजा. मी एका रात्री कागद घेतला आणि करत असलेली सगळी कामं लिहिली. मग तीन खुणा केल्या. जे माझ्यावाचून होणार नाही, ते एक. जे दुसरा करू शकेल, ते दोन. आणि जे कोणी केलं नाही तरी काही बिघडणार नाही, ते तीन. तिसऱ्या खुणेची कामं निघाली तेव्हा माझं मलाच हसू आलं. यात्रा कमिटीला मी सांगितलं, "यंदा मला जमणार नाही. हिशेब लिहून देतो, पुढचा माणूस तुम्ही बघा." चार दिवस कुजबूज झाली. पाचव्या दिवशी एका तरुण पोरानं ते काम उचललं आणि माझ्याहून बरं केलं.

तिसरं, बदल एकच धरा, आणि इतका लहान धरा की वाईट दिवशीसुद्धा तो होईल. मी शाळेत मोटारसायकलवर जात असे. ती ओढ्याच्या पुलाअलीकडं ओळखीच्याच्या अंगणात लावू लागलो. पुढची वाट दहा मिनिटांची, ती पायी. दहा मिनिटांत काय होतं, असं तुम्ही म्हणाल. मला त्या वाटेवर पीक दिसू लागलं, कोणीतरी भेटू लागलं, आणि शाळेत पाऊल टाकताना डोकं जरा मोकळं असे. ते महिनाभर टिकल्यावरच मी दुसरा बदल केला. रात्री साडेआठनंतर मोबाईल फडताळात. अगदी निकडीचं असेल तर लोक घरी येतात; खेड्यात घर कोणाला ठाऊक नसतं? त्यानंतर महिन्यानं तिसरा बदल: उठण्याची वेळ रोज एकच, रविवारीसुद्धा. झोप त्यानंच सुधारली.

घरात एक बदल झाला तो सांगतो. गुरुवारी रात्री सौभाग्यवतीनं चुलीकडं फिरकायचं नाही. मी आणि मुलगा खिचडी करतो. पहिल्या गुरुवारी ती खाली लागली. शेजारच्या आजी म्हणाल्या, "मास्तर, आता हेही करता का?" म्हटलं, "आजी, बैलालासुद्धा पोळ्याला जुंपत नाहीत."

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक वेगळं सांगायचं आहे. ज्या गोष्टीसाठी आपण या कामात आलो, तिला दिवसातली पंधरा मिनिटं तरी राखून ठेवा. मी दुपारच्या सुट्टीनंतर रजिस्टर मिटून, फोन पिशवीत टाकून, मुलांना गोष्ट सांगतो. त्या पंधरा मिनिटांची नोंद कुठंही होत नाही. पण उरलेला दिवस मला तीच ओढून नेतात.

आता एक गोष्ट स्पष्ट बोललं पाहिजे. या लहान बदलांनी कर्ज फिटत नाही, पाऊस पडत नाही, आणि दोन शिक्षकी शाळेला तिसरा शिक्षक मिळत नाही. ओझंच अवाजवी असेल, तर "तुम्ही मन शांत ठेवा" एवढंच सांगणं हा अन्याय आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमानं दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर शिक्षणबाह्य कामं शिक्षकाला लावू नयेत असं म्हटलं आहे. ते चारचौघांनी मिळून, लेखी, नम्रपणे मांडावं. पण ते मांडायलासुद्धा अंगात थोडं त्राण लागतं. लहान बदल त्या त्राणासाठी.

आणि दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. दोन आठवडे झाले तरी कशातच मन लागत नाही, जेवण जात नाही, झोप उडाली आहे, सणाच्या दिवशीही उदासच वाटतं, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येतात, तर तो नुसता शीण समजू नका. हा आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. दारूच्या बाटलीत तो उपचार नाही. ती रात्र ढकलते आणि सकाळ आणखी जड करते. आरोग्य केंद्रात जा, जिल्हा रुग्णालयात जा. भारत सरकारनं २०२२ साली 'टेलि-मानस' ही सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्रीबेरात्री लावता येतो, मराठीत बोलता येतं. लिहून घ्या: एक, चार, चार, एक, सहा. आपल्याला नको असेल तर शेजाऱ्याच्या उपयोगी पडेल. आणि घरात कोणी असं बोलू लागलं, तर "काहीतरीच काय" म्हणून उडवून लावू नका. जवळ बसा, ऐका, आणि दवाखान्यात त्यांच्याबरोबर जा.

मला पूर्ववत व्हायला एका पोळ्यापासून दुसऱ्या पोळ्यापर्यंतचा काळ लागला. मध्ये दोनदा सगळं सुटलं. एकदा मार्चमध्ये, परीक्षेच्या धांदलीत. एकदा आईच्या आजारपणात. तेव्हा मी पुन्हा पहिल्या बदलापासून सुरुवात केली, ओढ्याच्या पुलापासून.

ती करवंटीवाली मुलगी तोवर चौथीत गेली होती. मी तिला बोलावून म्हटलं, "त्या दिवशी माझी चूक झाली. मी बघायला हवं होतं." तिनं नुसती मान हलवली. आम्ही दोघांनी मिळून दुसरा चिंचोका पेरला. तो उगवला नाही. तिसरा उगवला. ते झाड आज शाळेच्या कुंपणाशी आहे, आणि दुपारी मुलं त्याच्या सावलीत डबे खातात.

तेव्हा श्रोतेहो, आज रात्री एकच करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर उद्याच्या तारखेपुढं एक लहानसा बदल लिहा. एकच. आणि झोपण्यापूर्वी घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारा, "तुझा खांदा कसा आहे?" उत्तर यायला वेळ लागेल, कारण बहुधा हे त्याला कोणी विचारलेलं नसतं. तोवर थांबा.