वायूवरील मोटारींचा कारागीर
(मंडळाच्या अकलूज येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



विद्यार्थ्यांस उपदेशपर चार शब्द सांगावेत, अशी मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस आज्ञा केली. उपदेश करण्यातच आमची सारी नोकरी गेली. आज त्यांपैकी एका चुकलेल्या उपदेशाची हकिगत सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्या सातवीच्या वर्गात आपल्याच समाजातील एक मुलगा होता. गणिताच्या तासाला तो खिडकीकडे तोंड करून बसे. परंतु उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर रस्त्याने गेला, की तो कोणत्या कंपनीचा, हे नुसत्या आवाजावरून अचूक सांगे. त्याच्या वडिलांस आम्ही शाळेत बोलावून म्हणालो, “याच्या डोक्यात गणित शिरावयाचे नाही. याला गॅरेजात घाला.” त्या भल्या गृहस्थांनी गुरुजींचा शब्द प्रमाण मानिला.

मुलगा कामात तरबेज झाला, हे खरे. पुढे एके दिवशी संध्याकाळी त्याच्या गॅरेजात एक भाड्याची मोटार आली. तिच्या डिकीत स्वयंपाकाच्या गॅसची घरगुती टाकी चोरून बसविलेली होती. मोटार खड्ड्यावर घेतली, हा खाली उतरला, आणि दिव्याचे बटण दाबताच भडका उडाला. देवाची कृपा म्हणून जीव वाचला. दोन्ही हात मात्र कोपरापर्यंत भाजले. बरा झाल्यावर तो आमच्या घरी आला आणि म्हणाला, “गुरुजी, वर तर कसलाच वास नव्हता. मग भडका खालून कसा आला?”

आम्ही स्वतः जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपुढे गेलो नाही. तथापि एवढे रसायनशास्त्र आम्हांस येत होते. दिनदर्शिकेच्या पाठीमागे आम्ही आकडे लिहिले : हवेचा सरासरी रेणुभार सुमारे २९, स्वयंपाकाच्या वायूतील प्रोपेनचा ४४ आणि ब्यूटेनचा ५८. म्हणजे हा वायू हवेहून जड. तो पाण्यासारखा उताराने खड्ड्यात जाऊन साचतो. सीएनजीमध्ये मुख्यत्वे मिथेन असतो, त्याचा भार १६. तो वर चढतो आणि बंद शेडमध्ये छपराखाली कोंडतो. म्हणून त्याच्यासाठी हवेची झरोकी वरच्या बाजूस हवीत. तो त्या आकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “गुरुजी, गणित असे असते, हे तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितले?” त्याच्या स्वरात राग नव्हता. असता तर आम्हांस बरे वाटले असते.

वायूवरील मोटार ही काही अगदीच नवी चीज नव्हे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा पाठीमागे कोळशाची भट्टी जोडलेल्या मोटारी धावत, असे आमचे वडील सांगत. दिल्लीतील बसगाड्या सीएनजीवर आणण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली दिला. मुंबईत महानगर गॅस ही कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली होती. आता तर हिरव्या खुणेच्या गाड्या आपल्या नीराकाठीही दिसतात. साखर कारखान्यांतील प्रेसमडपासूनही याच जातीचा वायू तयार करता येतो.

हे काम मात्र कानावर भिस्त ठेवून करावयाचे नव्हे. मोटारीच्या चाकात हवेचा दाब साधारण २ किलो असतो. सीएनजीच्या टाकीत तो २०० किलो. टाकीला नागपूर येथे मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेची मान्यता लागते आणि दर ३ वर्षांनी ती पाण्याच्या दाबाने तपासून घ्यावी लागते. जुन्या गाडीस मान्यताप्राप्त किटच अधिकृत ठिकाणी बसवून आर.टी.ओ.कडे नोंद करावी लागते. अशा ठिकाणी कारागीर घेताना मालक प्रथम कागद पाहतो : दहावी, त्यावर आय.टी.आय.चा ‘मेकॅनिक मोटार व्हेइकल’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, जमल्यास १९६१ च्या कायद्याखालील उमेदवारी, आणि शेवटी गाडी अथवा किट तयार करणाऱ्या कंपनीचे वायूविषयक शिक्षण.

आमच्या विद्यार्थ्यापाशी यांतील पहिलाच कागद नव्हता. त्याने सतरा नंबरचा फॉर्म भरला. रोज रात्री आठ वाजता, हाताचे ग्रीस पुरते न निघालेला असा, तो आमच्या ओसरीवर येई. पहिल्या खेपेस गणितातच गेला. दुसऱ्या खेपेस ४१ गुण मिळाले. आज तो आय.टी.आय.च्या दुसऱ्या वर्षात आहे. बाकावर शेजारी बसणारी मुले त्याला ‘काका’ म्हणतात. दिवसाची मजुरी बुडाली आहे. घरी पत्नी शिवणकाम करते आणि दोन मुली शाळेत जातात.

विजेच्या गाड्या आल्यावर ही विद्या फुकट जाईल, असे कोणी म्हणतील. तेव्हाचे तेव्हा पाहू. सध्या ज्या गाड्या रस्त्यावर आहेत, त्या तर कोणीतरी दुरुस्त करावयाच्याच आहेत.

आता मंडळाकडे येतो. आपल्या शिक्षणनिधीच्या नियमात ‘महाविद्यालयीन विद्यार्थी, वय २५ च्या आत’ असे शब्द आहेत. त्यामुळे त्याचा अर्ज गेल्या वर्षी परत आला. तो नियम करणाऱ्या समितीत आम्हीही होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. ते शब्द काढून ‘कोणत्याही मान्य शिक्षणक्रमाचा विद्यार्थी, वयाची अट नाही’ असे घालावेत, हा ठराव आम्ही आजच्या सभेपुढे मांडीत आहोत. अर्ज पुन्हा भरून चिटणिसांच्या हवाली केला आहे. अनुमोदन कोण देतो?