व्हिटॅमिन घ्या, पण गोळी सोडू नका

आज म्हसवडमधून घरी गेलात की अम्मी-अब्बांची औषधांची पिशवी उघडून बघा. त्यात मेटफॉर्मिन असेल, तर एक लक्षात ठेवा. ही गोळी साखर आटोक्यात ठेवते, पण वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ कमी होऊ शकतं. पायाला मुंग्या येतात, थकवा येतो. आपण म्हणतो, साखरेमुळंच असेल. खरं काय ते रक्त तपासल्यावर कळतं. बी-१२ कमी निघालं तर डॉक्टर सांगतील तेवढं घ्यावं. मात्र त्यानं साखर उतरत नाही. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २४२३ जणांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१९ मध्ये आला: रोज ४००० युनिट ‘ड’ जीवनसत्त्व देऊनही मधुमेहाचं प्रमाण लक्षणीय घटलं नाही. तेव्हा व्हिटॅमिनच्या भरवशावर गोळी बंद करू नका. रमजानमध्येही गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदला.