भीतीच्या काळात देवावर भिस्त
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तेव्हा मी नाही म्हणाले होते. श्रद्धेविषयी बोलावयाचे तर ते अधिकारी व्यक्तीने. मी पोळपाट-लाटण्यातली बाई. परंतु त्या म्हणाल्या, “तुम्ही जे पाहिलेत तेवढेच सांगा.” तेवढेच सांगते.

माउलींची पालखी बरड सोडून धर्मपुरीला आपल्या जिल्ह्यात येते, नातेपुत्याला मुक्काम करते आणि सदाशिवनगरचे रिंगण आटोपून आपल्या माळशिरसला येते, हे तुम्हाला सांगावयास नको. आमच्या अंगणात एक दिंडी उतरते. माणसे चाळीसच्या आसपास. माझ्या लग्नाच्या आधीपासून ती येते, म्हणून घरात पालखीला ‘सण’ म्हणत नाहीत, ‘पाहुणे यायचे दिवस’ म्हणतात.

२०२० साल आठवा. २५ मार्चला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. गुढी उभारली, पण साखरेची गाठी आणावयास दुकान उघडे नव्हते. पंढरीच्या देवळाचे दार त्याआधीच बंद झाले होते, ते उघडले १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. आषाढी १ जुलैला आली. पायी वारी झाली नाही. पादुका फुलांनी सजविलेल्या एस.टी. बसमधून, मोजक्या माणसांनिशी पंढरपुरास नेल्या, आणि आपण ते दूरदर्शनवर पाहिले.

तेव्हा पुष्कळांनी विचारले, देवच दाराआड बसला तर आपण कुणाकडे पाहावे? मला तसे वाटले नाही. दार लावले ते माणसांच्या जिवासाठी. मुलाला गोवर निघाला तर आई त्याला जत्रेला नेत नाही, म्हणून तिची देवावर श्रद्धा नाही असे कोण म्हणेल? १८९७ साली पुण्याकडे प्लेग असताना सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन चिरंजीव यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. त्या सत्यशोधक, एका निर्मिकाला मानणाऱ्या. देवावर भिस्त ठेवणारी माणसे हातपाय गाळून बसत नाहीत, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

त्या वर्षी मुक्कामाच्या दिवशी सासूबाईंनी पहाटे उठून नेहमीसारखा सडा घातला, रांगोळी काढली. कुणी यावयाचे नव्हते. तरी चुलीपुढे बसून त्यांनी भाकरी थापल्या, पिठले केले, आणि रस्त्यावर बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसांना नेऊन द्या म्हणाल्या. मला हसू आले. मुलगा माझ्याकडे रागाने पाहू लागला, तेव्हा थांबले.

आता जे सांगावयाचे ते अवघड आहे. एप्रिल २०२१ मध्ये माझे धाकटे दीर आजारी पडले. नऊ दिवस इस्पितळात होते. आम्हाला आत जाता येत नव्हते. फोन वाजला की पोटात गोळा उठे. मी नवस बोलले, दीर घरी आले तर तीन वर्षे पायी वारी करीन. दीर घरी आले नाहीत.

भगिनींनो, मी अकरा दिवस देवापुढे दिवा लावला नाही. रोज संध्याकाळी सासूबाईच लावीत. मुलगा त्यांचा गेलेला, आणि दिवा त्याच लावीत. रडतही असत, वातही वळत असत. एकदा मी संतापून म्हणाले, “आई, एवढं मागितलं, काय दिलं त्यानं?” त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “अगं, देव काय दुकान मांडून बसलाय व्हय? हे दे, ते घे, म्हणायला?”

मला तुकोबांचे चरित्र आठवले. लहानपणी कीर्तनात कितीदा ऐकले होते, पण ऐकून सोडून दिले होते. सन १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. त्यात तुकोबांची पहिली पत्नी अन्न अन्न करीत गेली, मुलगाही गेला, व्यापार बुडाला. घराणे महाजनाचे. त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली, असे सांगतात. म्हणजे श्रद्धेमुळे त्यांचे काही वाचले नव्हते. सारे गेल्यावरच त्यांनी विठ्ठलाचा पदर धरला, आणि लोकांकडचे येणेही सोडले. आणि मी त्यांच्या विठ्ठलापाशी खतावणी उघडून बसले होते!

माझा राग लगेच गेला असे नाही. पण घरात सारे आजारी होते, दारावर कागद चिकटवलेला होता, आणि रोज सकाळी उंबऱ्याबाहेर कुणीतरी डबा ठेवून जाई. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी ताकाचा तांब्या. ठेवणारी हाक मारून दूर उभी राही. त्यांत आपल्या मंडळातल्या तिघी होत्या, आणि एक शेजारीण, जिला मी देवळात कधी पाहिले नाही. त्या आजही समोर बसल्या आहेत. नाव घेतले तर उठून जातील. बाराव्या दिवशी मी सासूबाईंच्या हातून काडेपेटी घेतली. नवसाविषयी कुणाशी बोलले नाही.

२०२१ सालीही पादुका बसनेच गेल्या. २०२२ च्या आषाढात मात्र पुन्हा पायी वारी निघाली. आमची दिंडी अंगणात आली तेव्हा सासूबाईंनी माणसे मोजली. एकतीस. काही वयामुळे घरी थांबले होते, काही गेले होते. डोक्यावर तुळस घेऊन येणाऱ्या एक आजी दरवर्षी आमच्या ओसरीवर निजत. या वेळी तुळस त्यांच्या सुनेच्या डोक्यावर होती. सासूबाईंनी काही विचारले नाही. पाय शेकावयास पाणी तापवून दिले आणि त्याच कोपऱ्यात तिचे अंथरूण घातले.

भाकरी चाळिसांच्या अंदाजाने थापल्या होत्या. उरल्या त्या दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाईंनी फडक्यात बांधून वेळापूरच्या वाटेसाठी सुनेच्या हाती दिल्या.