अठरावे वर्ष आणि आपली सही

(विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आज ज्यांचा सत्कार झाला त्यांतील बरेच जण लवकरच अठरा वर्षांचे होतील. कायद्याने सज्ञान झाल्यावर नेमके काय बदलते, एवढ्याच विषयावर मी दोन शब्द बोलणार आहे.

पहिला हक्क मतदानाचा. इंग्रजी अमलात मालमत्ता, कर किंवा शिक्षण पाहून मत मिळे. १९२८ साली सायमन कमिशनपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रौढ मताधिकार मागितला. पुढे संविधानाच्या ३२६ व्या कलमाने तो सर्वांना दिला. तेव्हा वयाची अट २१ वर्षे होती; ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ती १८ झाली. आता तर सतरा वर्षे पूर्ण होताच नमुना ६ भरून आगाऊ अर्ज करता येतो. एवढ्या मोलाच्या हक्कासाठी एक अर्ज भरण्याचा आळस करू नका.

दुसरी गोष्ट माझ्या रोजच्या कामातली. मी बँकेत लिपिक आहे. पालकाच्या सहीने चालणारे तुमचे अज्ञान खाते अठरा पूर्ण होताच त्या सहीवर चालत नाही. तुमच्या सहीचा नमुना, फोटो आणि ओळखीची कागदपत्रे बँकेत द्यावी लागतात. पुष्कळ जण हे करीत नाहीत आणि ऐन प्रवेशाच्या वेळी पैसे अडकतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अज्ञान मुलाने केलेला करार कायद्याने रद्दबातल असतो. अठरानंतर मात्र तुमची सही तुम्हाला बांधते. मित्र म्हणतो, "जामीनदार म्हणून फक्त सही कर." पण जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, त्याने हप्ते थकवले तर बँक तुमच्या दारी येते. दुसरा कोणी म्हणतो, "तुझे खाते आणि एटीएम कार्ड दे, दोन हजार घे." त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो आणि पोलीस खातेदाराला शोधतात. तेच खाते गोठले तर तुमची शिष्यवृत्तीही अडकते.

पालकांनाही एक विनंती. मुलीच्या लग्नाचे कायदेशीर किमान वय अठरा आहे. त्याचा अर्थ अठराव्या वर्षी लग्न उरकावे असा नव्हे. तिला शिकू द्या.

मित्रांनो, आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत कित्येकांनी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला आणि जमिनी गमावल्या. कागदात काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते. तुम्हाला येते. म्हणून वाचल्याशिवाय सही करू नका, समजले नाही तर विचारा आणि कोऱ्या कागदावर तर कधीच सही देऊ नका.