मेजर, माइनर आणि चौथं वर्ष



बारावीचा निकाल लागला की आपल्या नगर जिल्ह्यातल्या एसटी स्टँडसमोरच्या नेट कॅफेंमध्ये गर्दी होते. शेवगाव असो, अकोले असो की जामखेड. खुर्चीवर कॅफेवाला, मागे मुलगा किंवा मुलगी, सोबत एखादा चुलतभाऊ. कॅफेवाला भराभरा विचारत जातो. नाव सांग, आईचं नाव सांग, आधार दे, उत्पन्नाचा दाखला आहे का, विषय कोणते? या शेवटच्या प्रश्नावर सगळे एकमेकांकडे बघतात. मग कॅफेवालाच वाट काढून देतो, "मागच्या पोरानं मराठी, इतिहास, राज्यशास्त्र टाकलंय. तेच टाकू?" मान हलते, बटण दाबलं जातं, पावती छापून हातात येते.

कॅफेवाल्याला मी दोष देत नाही. त्याच्यामागे वीस जणांची रांग असते आणि वेबसाइट कधी बंद पडेल याचा भरवसा नसतो. पण त्या एका मिनिटात जे टाकलं जातं, ते पूर्वी एवढं लांबवर जात नव्हतं. आता जातं. ते कसं, एवढंच आज तुम्हाला सांगायचं आहे.

आपल्या जिल्ह्यातली कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत. पुणे, नगर आणि नाशिक हे या विद्यापीठाचे जिल्हे. तुमच्यापैकी जे इथून बीए झाले, त्यांना एस-वन, एस-टू, जी-टू हे शब्द अजून पाठ असतील. एफवायला चार-पाच विषय घ्यायचे, एसवायला त्यातला एक 'स्पेशल' करायचा, टीवाय झालं की पदवी. स्पेशल कोणता होता, हे पुढे लग्न ठरवतानाही कोणी विचारत नसे. विचारायचे ते बीए झाला का, एवढंच.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात हा आराखडा आधी स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आला आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून. आता विषयांना मेजर आणि माइनर म्हणतात. बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय असतात. दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर होतो, एक माइनर, आणि तिसरा सुटतो. शिवाय एक ओपन इलेक्टिव्ह असतो, तो आपल्या शाखेबाहेरचा घ्यायचा. म्हणजे रसायनशास्त्राच्या मुलीनं वाणिज्याचा किंवा एखादा भाषेचा पेपर करायचा. मला स्वतःला या सगळ्या योजनेतला हा भाग सर्वांत आवडतो, आणि नेमका तोच मुलं सर्वांत बेफिकिरीनं भरतात. "सर, सोपा कोणता आहे?" हा प्रश्न जूनमध्ये प्रत्येक प्राध्यापकाला दिवसातून दहा वेळा ऐकावा लागतो.

एका सत्राला २० ते २२ क्रेडिट. पंधरा तासांचं शिकवणं म्हणजे एक क्रेडिट, प्रात्यक्षिकाला त्याच्या दुप्पट तास. तीन वर्षांची १२० ते १३२ क्रेडिट झाली की पदवी मिळते. चौथं वर्ष केलं की १६० ते १७६, आणि पदवीपुढे 'ऑनर्स' लागतं. चौथ्या वर्षातही दोन वाटा आहेत. एक साधी ऑनर्सची, तिच्यात विषयाचे पेपर आणि कामाच्या ठिकाणचा अनुभव. दुसरी 'ऑनर्स विथ रिसर्च', तिच्यात बारा क्रेडिटचा संशोधन प्रकल्प. या दुसऱ्या वाटेला अट आहे. पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के हवेत.

सहा सत्रांत मिळून, हे नीट ऐका. एफवायची मुलं पहिलं वर्ष सवयीचं वर्ष समजतात. कॉलेज नवं, गाव नवं, खोलीवर चार मित्र. दिवाळीपर्यंत पुस्तक उघडत नाही. समजा पहिल्या वर्षी ६० टक्के पडले. तर पुढच्या दोन्ही वर्षांत सरासरी साडेब्याऐंशी काढावे लागतात, तेव्हा कुठे ७५ ची गाठ पडते. विज्ञानाच्या टीवायला साडेब्याऐंशी म्हणजे काय, ते ज्यांनी दिलंय त्यांना विचारा. म्हणून चौथ्या वर्षाचा प्रवेश एफवायच्या पहिल्या परीक्षेतच सुरू होतो, असं मी मुलांना सांगत असतो.

आता यातलं मिळतं काय? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी झालेला विद्यार्थी थेट पीएचडीच्या प्रवेशासाठी पात्र ठरतो. राखीव प्रवर्गांना त्यात पाच टक्क्यांची सवलत आहे. २०२४ पासून अशा विद्यार्थ्यांना नेट परीक्षाही देता येते. एमए, एमएस्सी करायची असेल तर ती चार वर्षांनंतर एका वर्षात होते. परदेशातल्या ज्या विद्यापीठांना सोळा वर्षांचं शिक्षण लागतं, तिथं बारावी अधिक चार असा हिशेब बसतो.

पण इथं मला थोडं थांबून उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण माहितीपत्रकात ती छापत नाहीत. तीन अधिक दोन बरोबर पाच आणि चार अधिक एक बरोबर पाच. एमए करून थांबायचं असेल तर चौथ्या वर्षानं तुमचं एकही वर्ष वाचत नाही. एमपीएससी करायची असेल तर तिथं कोणतीही पदवी चालते, ऑनर्सला वेगळे गुण नाहीत. नगरच्या अभ्यासिकांमध्ये जी मुलं सकाळी सातला जागा धरतात, त्यांच्यातल्या बहुतेकांना तीन वर्षांची पदवी पुरते, आणि तीन वर्षांची पदवी काही कमी दर्जाची झालेली नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत एक वर्ष म्हणजे एक कोयता कमी. ते ओझं पाठीवर असताना कोणी मुलाला डोळे झाकून 'चौथं वर्ष कर' म्हणू नये. ज्याला खरोखर एखाद्या विषयाच्या मागे लागायचं आहे, त्याच्यासाठी हे वर्ष आहे.

आणि अशा मुलानं एक गोष्ट प्रवेशाआधीच विचारायला हवी. आपल्या कॉलेजात आपल्या विषयाचं चौथं वर्ष असणार आहे का? संशोधनाची ऑनर्स चालवायची तर त्या विभागात पीएचडीला मार्गदर्शन करू शकणारे किमान दोन कायम प्राध्यापक हवेत. आज ग्रामीण भागात कितीतरी विभाग एका कायम शिक्षकावर आणि दोन तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात. तासिकेवरचे शिक्षक हुशार नसतात असं मुळीच नाही, पुष्कळदा तेच जास्त वाचलेले असतात, पण नियमाच्या कागदावर ते मोजले जात नाहीत. म्हणजे मुलाला पंच्याहत्तर पडले, इच्छाही आहे, आणि चौथ्या वर्षी दार बंद. मग त्याला संगमनेर, लोणी, नगर किंवा पुणे गाठावं लागणार. खोलीभाडं, मेस, पुन्हा नवं गाव. २०२४ च्या जूनमध्ये संलग्न कॉलेजात एफवायला बसलेली मुलं २०२७ मध्ये या चौथ्या वर्षाच्या दाराशी येतात. तेव्हा धावपळ करण्यापेक्षा आज विभागप्रमुखांना गाठा आणि स्पष्ट विचारा. त्यांना राग येणार नाही. आलाच तर तेही एक उत्तर समजा.

मुलींच्या बाबतीत चौथ्या वर्षाचा निर्णय कॉलेजात कमी आणि ओसरीवर जास्त होतो, हे आपल्याला ठाऊक आहे. टीवाय झालं, आता स्थळं बघू. ज्या जिल्ह्यात सिंथिया फरार यांच्या शाळेत सावित्रीबाई शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला आल्या, तिथं हे वाक्य अजून इतक्या सहज म्हटलं जातं, याचं मला नवल वाटतं. निदान एवढं पालकांनी समजून घ्यावं, की नव्या रचनेत मधे थांबलेलं शिक्षण वाया जात नाही. मिळवलेली क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे एबीसीमध्ये, जमा राहतात. परत येऊन उरलेलं पुरं करता येतं. मात्र बाहेर पडल्यापासून तीन वर्षांच्या आत परतावं लागतं आणि सगळी पदवी सात वर्षांच्या आत संपवावी लागते. तेव्हा 'नंतर बघू' म्हणताना ते नंतर नेमकं किती, याचा हिशेब घरात झालेला बरा.

आता संधींविषयी. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळ्यातल्या फेलोशिप असतात. बंगळूरची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस आणि तिच्या दोन भगिनी संस्था मिळून दर वर्षी विद्यार्थ्यांना देशभरातल्या शास्त्रज्ञांकडे दोन महिने काम करायला पाठवतात. त्याचे अर्ज दिवाळीच्या सुमारास निघतात, आणि आपली मुलं तेव्हा फराळात असतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'नियस' हा कार्यक्रम तर पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठीच आहे. पुण्यात आयुका आहे, आयसर आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदची ती प्रचंड रेडिओ दुर्बीण पारनेरच्या मुलांना पुण्यापेक्षा जवळ पडते. तिची माहिती मात्र त्यांना पुण्यातल्या मुलांकडून कळते, हा आमच्या शिक्षकांचाही नाकर्तेपणा आहे. राज्यपालांच्या पुढाकारानं २००६ पासून 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा होते. कॉलेज, विद्यापीठ, राज्य अशा तिच्या पायऱ्या. तिच्यात कला आणि वाणिज्यालाही जागा आहे, ही गोष्ट कला शाखेतल्या मुलांना सांगितली की ती चमकून बघतात.

कारण कला शाखेत संशोधन म्हणजे काय करायचं, हेच कोणी दाखवलेलं नसतं. बाहेर कुठे जायची गरजही नाही. संगमनेरजवळचं जोर्वे बघा. प्रवरेच्या काठचं हे गाव. १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी तिथं उत्खनन केलं, आणि त्या गावाच्या नावानं एक अख्खी ताम्रपाषाणयुगीन संस्कृती जगभरच्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत ओळखली जाऊ लागली. प्रवरेच्याच काठी श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. तिथं १९७४ मध्ये झाडाचं मूळ खणताना ब्राँझचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले, मिळून ६० किलोंहून अधिक वजनाचे. इतिहास मेजर घेतलेल्या श्रीरामपूरच्या मुलाला हे पुस्तकात परीक्षेपुरतं भेटतं. गावात जाऊन, शेतकऱ्यांशी बोलून, आज त्या टेकाडाचं काय चाललंय याची नोंद करणं, हा बारा क्रेडिटचा खणखणीत प्रकल्प आहे. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात मोडी कागदपत्रं आहेत. मोडी वाचता येणारा पदवीधर आज शोधूनही सापडत नाही.

अकोले तालुक्यात कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांची देशी बियाण्यांची बँक आहे. त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली. शाळेत न गेलेल्या या बाईंकडे वनस्पतिशास्त्राच्या ऑनर्सच्या विद्यार्थिनीनं एक हंगाम काढला, वाणांची नावं, पेरणीची वेळ, चव, कीड, सगळं टिपून घेतलं, तर तो प्रबंध कोणत्याही प्रयोगशाळेतल्या प्रबंधाच्या तोडीचा होईल. अर्थशास्त्राला हिवरे बाजारचा पाण्याचा ताळेबंद आहे, प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याची कागदपत्रं आहेत. राज्यशास्त्र मेजर आणि भूगोल माइनर असलेल्या मुलाला भंडारदऱ्याच्या पाण्याचं वाटप हा विषय जन्मभर पुरेल, वर्तमानपत्रात दर दोन वर्षांनी त्यावर भांडण असतंच. मेजर आणि माइनर अशा जोडीनं निवडले की त्यांच्यामधून प्रकल्प आपोआप निघतो. मैत्रिणीनं घेतला म्हणून घेतलेल्या माइनरमधून तो निघत नाही.

खर्चाचं एक सांगतो. महाडीबीटीवर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात, पंजाबराव देशमुख यांच्या नावानं वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. विद्यापीठाची कमवा व शिका योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावानं चालते. ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात रोज थोडे तास काम करायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. संशोधन करणाऱ्या मुलानं ग्रंथालयातलं काम मागून घ्यावं, दोन्ही साधतं.

शेवटी त्या फॉर्मकडे येऊ. भरायला जाण्याआधी घरी कागदावर तीन विषय लिहून न्या, त्यापुढे मेजर कोणता करायचा तेही लिहा. कॉलेजचं माहितीपत्रक वाचा, त्यात विषयांचे गट दिलेले असतात, दोन विषय एकाच गटात असले तर दोन्ही मिळत नाहीत. एबीसी आयडी डिजिलॉकरमधून काढता येतो, तो बारा अंकी असतो. आधारवरचं नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का पाहा. आधारवर 'ज्ञानेश्वर' आणि गुणपत्रिकेवर 'ज्ञानदेव' असेल तर क्रेडिट दुसऱ्याच खात्यात हिंडत राहतात, आणि ते टीवायच्या निकालाच्या दिवशी कळतं. दुरुस्ती आता, जूनमध्येच करा. कॉलेजचे कारकून आत्ता वेळ देतील, परीक्षेच्या फॉर्मच्या दिवसांत देणार नाहीत.