लेकीला कांजण्या येऊन गेल्यात का?

सकाळची कामं आटोपून, नाहीतर आटोपता आटोपता, रेडिओजवळ बसला असाल. मी तुमची नर्सबाई. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण गावात अजून मला कुणी नावानं हाक मारत नाही, तेव्हा तेच नाव राहू द्या.

संक्रांत झाली की आपल्या भागात कांजण्यांचे दिवस सुरू होतात. माघ, फाल्गुन, चैत्र. अंगणवाडीत एका पोराच्या अंगावर फोड दिसला की पंधरा दिवसांनी चार पोरं घरी, आणि आणखी पंधरा दिवसांनी अर्धी अंगणवाडी रिकामी. आपण म्हणतो, सगळ्यांनाच येतात, एकदा येऊन गेल्या की सुटलो. मीही पुष्कळ वर्षं असंच म्हणत होते. आज त्याबद्दलच बोलायचंय, आणि सुरुवात माझ्या चुकीपासून करते.

काही वर्षांपूर्वी फाल्गुनात एका घरी गेले होते. दोन नातवंडं, एक पाच वर्षांचं, एक सात वर्षांचं, दोघंही कांजण्यांनी भरलेली. दारावर कडुलिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद. आजी लिंबाच्या पाल्यानं वारा घालत बसली होती. मी ताप पाहिला, गोळ्या दिल्या, पोरांची नखं कापा म्हटलं आणि निघाले. ओसरीवर एक नवी गोधडी शिवायला काढलेली होती. लहानशी, तान्ह्या बाळाची. ती मी पाहिली. कुणासाठी, एवढं विचारलं नाही.

त्या घरची लेक पहिल्या बाळंतपणाला यायची होती. सातव्या महिन्यातच यायची, पण सासरी कांद्याची काढणी चालू होती म्हणून थांबली आणि नववा लागल्यावर आली. ती आली तेव्हा भाच्यांच्या अंगावरचे फोड अजून ओले होते. पोटुशी लेकीला ‘येऊ नको’ असं कुठली आई सांगेल? लेकीला लहानपणी कांजण्या आलेल्या नव्हत्या. आईला ते आठवत होतं, पण त्याचा बाळंतपणाशी काही संबंध असतो हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

पंधराव्या दिवशी तिच्या पोटावर, पाठीवर फोड उठले. अंगात ताप. दोन दिवसांनी कळा सुरू झाल्या. मुलगा झाला, अडीच किलोचा, जन्मल्या जन्मल्या खणखणीत रडला. सगळ्यांना वाटलं, निभावलं. आठव्या दिवशी बाळाच्या अंगावर फोड आले. दूध ओढेना, श्वास जोरात चालू. रात्री जीप ठरवून जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात नेलं. बाराव्या दिवशी ज्या घरी पाळणा बांधायचा, त्या घराला कुलूप होतं, आणि बाळ काचेच्या पेटीत, इवल्याशा हाताला सलाईन. बाळ वाचलं. तीन आठवड्यांनी घरी आलं. दोन गाभण शेळ्या आणि आजीच्या कानातलं त्यात गेलं, ते वेगळंच.

असं का झालं? कांजण्यांचा विषाणू अंगात शिरला की त्याच्याशी लढायची ताकद रक्तात तयार व्हायला काही दिवस लागतात. आईची ही ताकद नाळेतून बाळाला मिळते. पण आईला बाळंतपणाच्या आधीच्या पाच दिवसांत किंवा नंतरच्या दोन दिवसांत फोड उठले, तर ती पोचायच्या आत बाळ जन्मलेलं असतं. म्हणजे रोग मिळाला, पण ढाल मिळाली नाही. असं बाळ अंगावर फोड दिसायची वाट न पाहता लगेच मोठ्या दवाखान्यात दाखवायचं असतं. गरोदरपणाच्या पहिल्या पाच महिन्यांत आईला कांजण्या आल्या तर शंभरातल्या एखाद्या-दुसऱ्या बाळाच्या हातापायात, डोळ्यांत किंवा मेंदूत व्यंग राहू शकतं. शंभरातल्या एखाद्या-दुसऱ्याच, हे नीट ऐका. घाबरून कुणाच्या सांगण्यावरून पोट पाडायला धावायचं नाही. डॉक्टरांकडे जायचं, सोनोग्राफीत लक्ष ठेवायला सांगायचं.

आता रोगाबद्दल थोडं. कांजण्या हवेतून पसरतात, फोडातल्या पाण्यातूनही पसरतात. फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून पोर दुसऱ्याला रोग देत असतं, आणि शेवटच्या फोडाची खपली धरेपर्यंत देत राहतं. म्हणून कितीही वेगळं ठेवलं तरी घरातली दुसरी पोरं सहसा सुटत नाहीत. संसर्ग झाल्यापासून दहा ते एकवीस दिवसांत फोड येतात. आधी अंगावर आणि तोंडावर, मग हातापायांवर. एकाच वेळी कुठे लाल पुरळ, कुठे पाण्याचा फोड, कुठे खपली, असं दिसलं की समजायचं, कांजण्याच.

आपल्याकडे देवी, गोवर आणि कांजण्या यांची फार सरमिसळ होते. आजीच्या दंडावर देवीच्या लशीचा मोठा वण असतो आणि आजी म्हणते, मला काही होत नाही. पण देवी हा वेगळाच रोग. तो जगातून गेला; भारतातला शेवटचा रुग्ण 1975 साली सापडला आणि 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेनं सगळं जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. ती लस कांजण्यांना चालत नाही. दुसरी गोष्ट, आपल्या बाळाला नवव्या महिन्यात आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास जी लस फुकट टोचतात, ती गोवर आणि रुबेलाची. तिनंही कांजण्या थांबत नाहीत. पुष्कळ आया मला म्हणायच्या, नर्सबाई, कार्ड तर पूर्ण भरलंय, मग पोराला कांजण्या कशा आल्या? कारण सरकारच्या लसीकरणाच्या कार्डावर कांजण्यांची लस नाहीच. तुमची चूक नाही आणि अंगणवाडीताईचीही नाही.

पण लस आहे, आणि जुनी आहे. जपानमध्ये मिचिआकी ताकाहाशी नावाचे डॉक्टर होते. 1964 साली त्यांच्या लहान मुलाला कांजण्या आल्या, खूप जोराच्या. पोराच्या उशाशी बसून काढलेल्या त्या रात्रींनी त्यांना या कामाला लावलं आणि 1974 साली त्यांनी लस तयार केली. तिच्यात कांजण्यांचाच विषाणू असतो, जिवंत, पण अशक्त केलेला. आपल्याकडे ती खाजगी दवाखान्यात मिळते. एका डोसला साधारण दोन हजार रुपये पडतात, कुठे थोडे कमी, कुठे जास्त.

लहान मुलांना पहिला डोस पंधराव्या महिन्यापासून देतात. दुसरा तीन महिन्यांनी किंवा चार ते सहा वर्षांच्या दरम्यान, डॉक्टर सांगतील तेव्हा. तेरा वर्षांच्या पुढच्या मुलांना आणि मोठ्या माणसांना दोन डोस, मध्ये चार ते आठ आठवडे. एका डोसनं शंभरातली ऐंशीएक मुलं पूर्ण बचावतात, दोन डोसनं नव्वदच्या वर. बाकीच्यांना कांजण्या आल्याच तरी थोडेच फोड, थोडाच ताप. टोचल्यावर दंड दुखतो, कधी बारीक ताप येतो, क्वचित चार पुरळ उठतात.

आता पैशाचं. दोन हजार म्हणजे काय, हे मला कळतं. कर्ज काढून घरातल्या सगळ्या पोरांना टोचून घ्या, असं मी सांगणार नाही. आधी सरकारच्या फुकटच्या लशी पूर्ण करा, त्यातली एक जरी राहिली असेल तर ती पहिली. बहुतेक निरोगी लहान पोरं कांजण्यांतून आठ-दहा दिवसांत उठतात. पण पैसे एकाच माणसापुरते असतील तर? माझं मत विचाराल तर लग्नाला आलेली मुलगी, जिला कांजण्या आलेल्या नाहीत. तिला टोचलं की ती वाचते आणि पुढे तिचं बाळही वाचतं. पोरांना बोकाळायला महाग लस आणि पोरीला ‘काय करायचीय’, असं आपल्या घरांत होतं, म्हणून मुद्दाम सांगते. तिच्यानंतर अंगणवाडीताई, आशाताई, शिक्षिका, ज्यांचा रोज पोरांशी संबंध, आणि ज्यांना कांजण्या येऊन गेलेल्या नाहीत अशी घरातली मोठी माणसं. मोठेपणी येणाऱ्या कांजण्या अंगावर काढण्यासारख्या नसतात. फुप्फुसात उतरतात, न्यूमोनिया होतो. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनी तर हे लक्षात ठेवावं. एका कोपीत सहा माणसं, शेजारी दुसरी कोपी, आणि दवाखाना कोसावर.

आठवत नसेल तर आईला विचारा, आत्याला विचारा. गावातल्या म्हाताऱ्यांना कुणाच्या कांजण्या कोणत्या साली निघाल्या ते पक्कं आठवतं. एकदा येऊन गेल्या असतील तर लशीची गरज नाही.

लस कुणी घेऊ नये, हेही तितकंच महत्त्वाचं. पोटुशी बाईनं घ्यायची नाही. घेतल्यावर निदान महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी किंवा स्टिरॉइडच्या मोठ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. गोवर-रुबेलाची लस आणि ही लस एकाच दिवशी दोन जागी टोचता येतात. तसं नसेल तर मध्ये चार आठवडे जाऊ द्यायचे.

आणि ही लस थंड राहायला हवी. मेडिकलमधून घेऊन पिशवीत टाकून, बाजार करून, एस्टीनं दवाखान्यात नेली, असं चालत नाही. पैसे भरून पाणी टोचल्यासारखं होतं. जिथं फ्रिज आहे आणि वीज गेल्यावर काय करतात हे सांगता येतं, तिथंच टोचून घ्या. विचारायला लाजू नका.

घरात एका पोराला कांजण्या आल्याच, तर ज्यांना आलेल्या नाहीत त्यांना तीन दिवसांच्या आत, फार तर पाच, लस दिली तर पुष्कळदा रोग टळतो, निदान हलका जातो. पोटुशी बाईला मात्र लस चालत नाही, तिनं त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. मोठ्या माणसाला फोड उठले तर पहिल्याच दिवशी दाखवायचं. त्यावर गोळ्या आहेत, पण पहिल्या चोवीस तासांत सुरू केल्या तर खरा उपयोग.

आजारी पोराला देवी आली म्हणून कुणी दहीभाताचा नैवेद्य दाखवत असेल तर माझं काही म्हणणं नाही. लिंबाच्या पाल्यानं वाराही घाला. फोडांवर पाला घासू नका, एवढंच. पोराला आंघोळ घाला, कोमट पाण्यानं, फोड न चोळता. आंघोळ बंद ठेवली की घाम, मळ, खाज आणि मग फोडांत पू. खायला नेहमीचं द्या, पाणी भरपूर द्या. तापाला पॅरासिटामॉल चालतं. ॲस्पिरिन पोराला अजिबात द्यायचं नाही. खाज थांबावी म्हणून कुणी झटपट सुई मारत असेल तर आधी विचारा कसली, कारण त्यात स्टिरॉइड असेल तर रोग बळावतो. धाप लागली, पोर झोपेतून उठेना, चालताना झोकांड्या खाऊ लागलं, सारखी उलटी झाली, ताप चार दिवसांत उतरला नाही, तर गाडी काढायची.

नागिणीचंही सांगून टाकते, कारण दरवेळी कुणीतरी विचारतंच. नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजण्यांचाच विषाणू. तो नसांत दडून बसतो आणि पुढे, बहुतेक म्हातारपणी, एका बाजूला पट्ट्यानं उठतो. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, असं काही नाही. मात्र नागिणीच्या ओल्या फोडांतून, ज्याला कांजण्या आलेल्या नाहीत त्याला कांजण्या होऊ शकतात. तेव्हा आजोबांना नागीण आली असेल तर फोड झाकून ठेवायचे आणि सुनेचं तान्हं बाळ तेवढे दिवस त्यांच्या मांडीवर द्यायचं नाही.

ज्या घराची गोष्ट सांगितली, तिथली धाकटी लेक यंदा लग्नाची आहे. वैशाखात तारीख धरलीय. तिची आई मार्गशीर्षात माझ्या दारात आली. म्हणाली, “नर्सबाई, हिलाही कांजण्या आलेल्या नाहीत. बस्त्यातून एक शालू कमी केला. कधी टोचायचं ते सांगा.” दोघींनी कॅलेंडर खाली घेऊन दिवस मोजले. पहिला डोस त्याच आठवड्यात झाला. दुसरा पौषात, हळदीच्या कितीतरी आधी. ते बाळ, म्हणजे आता चांगला शाळेत जाणारा मुलगा, मावशीबरोबर दवाखान्यात आला होता. तिला सुई टोचताना त्यानंच डोळे मिटून घेतले.